स्वतःच्या कमाईवर जीवशास्त्र शिकताना महाविद्यालयाची निवड: सातारा-सांगलीच्या विद्यार्थ्यांसाठी मार्गदर्शन

बारावीला जीवशास्त्र घेतलेला आणि पुढचे शिक्षण स्वतःच्या कमाईवर करावे लागणारा विद्यार्थी निकालानंतर महाविद्यालयाच्या खिडकीशी जातो, तेव्हा त्याचा पहिला प्रश्न फीचा असतो. प्रश्न रास्त आहे, परंतु अपुरा आहे. बी.एस्सी.ची अनुदानित जागा मिळाली तर वर्षाची फी हा बहुतेक वेळा एकूण खर्चातला लहान हिस्सा ठरतो. मोठा हिस्सा खोली, जेवण आणि प्रवास यांचा असतो, आणि कमावत्या विद्यार्थ्याच्या बाबतीत कामासाठी उरणाऱ्या तासांचाही असतो. म्हणून या लेखात फीबरोबरच वेळेचा हिशेब मांडला आहे. जे महाविद्यालय तुमच्या हातात रोज तीन-चार तास सलग शिल्लक ठेवते, ते थोड्या जास्त फीचे असले तरी शेवटी स्वस्त पडू शकते.

प्रथम अभ्यासक्रम निश्चित करावा

महाविद्यालयांची नावे लिहिण्याआधी कोणत्या विषयात पदवी घ्यायची हे ठरवावे. वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, जैवरसायनशास्त्र आणि जैवतंत्रज्ञान हे आपल्या भागात सहज आढळणारे पर्याय आहेत. यांतील वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र हे जुने विषय बहुतांश जुन्या महाविद्यालयांत अनुदानित आहेत. सूक्ष्मजीवशास्त्र काही ठिकाणी अनुदानित आहे, तर काही ठिकाणी नाही. जैवतंत्रज्ञानाचा पदवी अभ्यासक्रम मात्र बहुतेक ठिकाणी विनाअनुदानित तत्त्वावर चालतो आणि त्याची फी जुन्या विषयांच्या कित्येक पट असू शकते.

नावाच्या आकर्षणामुळे कमावत्या विद्यार्थ्याने जैवतंत्रज्ञानाकडे वळू नये, असे मी स्पष्टपणे सांगेन. त्या विषयाची खरी ताकद पदव्युत्तर पातळीवर दिसते, आणि वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र किंवा सूक्ष्मजीवशास्त्रातील पदवीनंतरही प्रवेश परीक्षा देऊन जैवतंत्रज्ञानाच्या एम.एस्सी.ला जाता येते. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या मदतीने चालणाऱ्या एम.एस्सी. अभ्यासक्रमांना 'गॅट-बी' परीक्षेतून प्रवेश मिळतो आणि तेथे विद्यार्थ्याला विद्यावेतनही दिले जाते. तीन वर्षे महाग फी भरून जे गाठायचे, तेथे स्वस्त वाटेनेही पोचता येते.

कृषी पदवी आणि पशुवैद्यकीय पदवी यांचाही विचार अनेकांच्या मनात असतो. कराडला शासकीय कृषी महाविद्यालय आहे आणि शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नावाचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे; पहिल्यासाठी एमएचटी-सीईटी आणि दुसऱ्यासाठी नीट द्यावी लागते. शासकीय असल्यामुळे त्यांची फी खासगी संस्थांच्या मानाने कमी आहे, परंतु दिवसभराच्या तासिका आणि प्रात्यक्षिके यांमुळे नोकरी करीत हे अभ्यासक्रम पूर्ण करणे फार कठीण जाते. तेथे जायचे असेल तर शिष्यवृत्ती आणि वसतिगृह यांची तजवीज प्रवेशाआधीच करावी. मुलींसाठी एक महत्त्वाची सवलत येथे लागू होते. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतील, वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ करण्याचा निर्णय राज्य शासनाने २०२४ मध्ये घेतला. मात्र प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला असावा लागतो.

नीटची पुन्हा तयारी करण्यासाठी एक-दोन वर्षे थांबणारे विद्यार्थी आपल्याकडे पुष्कळ आहेत. घरून पैसा येणार नसेल तर असे थांबणे जोखमीचे आहे. बी.एस्सी.चा प्रवेश घेऊन ठेवावा आणि पुढे नीटमधून जागा मिळाल्यास तो रद्द करावा. प्रवेश रद्द केल्यावर फी परत देण्याच्या तारखा विद्यापीठ अनुदान आयोग जाहीर करतो आणि मूळ प्रमाणपत्रे अडवून ठेवण्याची संस्थांना मुभा नाही. या दोन्ही गोष्टी विद्यार्थ्याला ठाऊक असाव्यात.

अनुदानित आणि विनाअनुदानित यांतील फरक तुकडीपर्यंत तपासावा

'कॉलेज अनुदानित आहे' एवढ्या माहितीवर कधीही विसंबू नये. एकाच इमारतीत, एकाच विषयाची एक तुकडी अनुदानित आणि दुसरी विनाअनुदानित असू शकते. गुणवत्ता यादीत वर असलेल्यांना पहिली तुकडी मिळते आणि खाली असलेल्यांना दुसरी. शिक्षक तेच असतात, प्रयोगशाळा तीच असते, फी मात्र वेगळी असते. म्हणून प्रवेश अर्ज भरताना कार्यालयात तीन प्रश्न विचारावेत: हा विषय आणि ही तुकडी अनुदानित आहे का, तिन्ही वर्षांची फी किती आहे, आणि फीमध्ये कोणत्या शीर्षाखाली किती रक्कम आहे. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर लेखी घ्यावे, कारण शिष्यवृत्तीतून शिक्षण शुल्काची प्रतिपूर्ती झाली तरी प्रयोगशाळा, ग्रंथालय, जिमखाना, ओळखपत्र, अनामत अशा शीर्षांखालची रक्कम अनेकदा विद्यार्थ्यालाच भरावी लागते.

याहून नाजूक प्रश्न तिसऱ्या वर्षाचा आहे. लहान महाविद्यालयांत काही विषय दुसऱ्या वर्षापर्यंतच शिकवले जातात आणि तिसऱ्या वर्षी, ज्याला आपल्याकडे 'स्पेशल' म्हणतात, तो विषय मिळत नाही. प्राणिशास्त्र आवडणाऱ्या विद्यार्थ्याला मग शेवटच्या वर्षी शहर बदलावे लागते, नवी खोली पाहावी लागते आणि जमलेले काम सोडावे लागते. नव्या शैक्षणिक धोरणानुसार विषयांची मांडणी आता मेजर (मुख्य विषय) आणि मायनर (दुय्यम विषय) अशी झाली असली तरी प्रश्न तोच राहतो: तुम्हाला हव्या असलेल्या विषयात शेवटपर्यंत मेजर मिळते का? चार वर्षांची ऑनर्स पदवी घ्यायची असेल तर चौथे वर्ष त्या महाविद्यालयात चालते का, हेही याच वेळी विचारावे.

दोन जिल्ह्यांतील पर्यायांची यादी

या भागाला कमावत्या विद्यार्थ्याच्या शिक्षणाची मोठी परंपरा आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्याला आणली. 'स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद' हे तिचे बोधवाक्य आहे. १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले, तेथे श्रम करून शिकण्याची पद्धत महाविद्यालयीन पातळीवर आली आणि आज राज्यभर ओळखली जाणारी 'कमवा व शिका' योजना याच मुशीतून घडली. हे येथे सांगण्याचे कारण व्यवहारी आहे: या जिल्ह्यांत काम करून शिकणारा विद्यार्थी अपवाद मानला जात नाही, त्याच्यासाठी व्यवस्था आहे, आणि ती मागण्यात संकोच बाळगू नये.

साताऱ्यात यशवंतराव चव्हाण इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स ही रयतची विज्ञान शाखेची प्रमुख संस्था आहे. ती २०२१ मध्ये स्थापन झालेल्या कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठाचा घटक असल्यामुळे तेथील अभ्यासक्रम आणि परीक्षा त्या विद्यापीठाच्या असतात, तर परिसरातील इतर बहुतेक महाविद्यालये कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न आहेत. कराडला सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज आणि विद्यानगरमधील यशवंतराव चव्हाण कॉलेज ऑफ सायन्स, वाईला किसन वीर महाविद्यालय आणि फलटणला मुधोजी महाविद्यालय हे पर्याय पाहावेत. सांगलीत विश्रामबागचे विलिंग्डन महाविद्यालय आहे. डेक्कन एज्युकेशन सोसायटीने तेही १९१९ मध्येच सुरू केले. त्याशिवाय कस्तुरबाई वालचंद महाविद्यालय, मिरज महाविद्यालय, तासगावचे पद्मभूषण वसंतरावदादा पाटील महाविद्यालय, विट्याचे बळवंत महाविद्यालय आणि जतचे राजे रामराव महाविद्यालय यांची चौकशी करावी. जिल्ह्याबाहेर जायची तयारी असेल तर कोल्हापूरचे राजाराम महाविद्यालय विसरू नये. ते शासकीय आहे.

तालुक्याच्या गावातील महाविद्यालयाला कमी लेखू नये. खोलीचे भाडे आणि मेसचा दर तेथे जिल्ह्याच्या शहरापेक्षा कमी असतो आणि वर्गात विद्यार्थी थोडे असल्यामुळे सूक्ष्मदर्शकाशी बसायला वेळ अधिक मिळतो. मोठ्या शहरातील महाविद्यालयाचा फायदा ग्रंथालय, उपकरणे आणि कामाच्या संधी यांत आहे. तुम्हाला यांतले काय अधिक लागणार आहे, हे तुमच्या घरच्या परिस्थितीवर ठरेल.

वेळापत्रक पाहिल्याशिवाय प्रवेश घेऊ नये

कला किंवा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला सकाळच्या तासिका संपवून दुपारी कामावर जाता येते. जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याचे तसे नसते, कारण प्रात्यक्षिके दोन ते चार तास चालतात आणि ती बहुधा दुपारी ठेवलेली असतात. त्यामुळे आपल्याला हव्या असलेल्या विषयाचे, चालू वर्षाचे वेळापत्रक विभागात जाऊन प्रत्यक्ष पाहावे. कोणत्या वारी प्रात्यक्षिक आहे, त्याची तुकडी बदलून मिळते का, शनिवार मोकळा असतो का, हे विभागप्रमुखांना नम्रपणे विचारावे आणि आपण काम करून शिकणार आहोत हे तेव्हाच सांगावे. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांकडून वेळापत्रक प्रत्यक्षात कसे पाळले जाते तेही समजून घ्यावे.

सत्र मंजूर होण्यासाठी ७५ टक्के उपस्थितीची अट असते. प्रात्यक्षिकाला गैरहजर राहिल्यास जर्नल अपुरे राहते, आणि जर्नल प्रमाणित झाल्याशिवाय प्रात्यक्षिक परीक्षेला बसू देत नाहीत. 'नाव घालून ठेवू, परीक्षेपुरते जाऊ' हा विचार या शाखेत चालणारा नाही. दूरस्थ पद्धतीने पदवी घेण्याचा सल्लाही अनेक जण देतात; जीवशास्त्रात प्रयोगशाळेतील सवय हाच शिक्षणाचा गाभा असल्यामुळे तो पर्याय अगदी नाइलाज असेल तरच घ्यावा.

पूर्ण खर्चाचा हिशेब

एका कागदावर प्रत्येक महाविद्यालयासाठी वर्षाचा खर्च मांडावा. समजा, पहिल्या महाविद्यालयाची फी ९,००० रुपये आहे आणि ते गावापासून दूर असल्यामुळे एसटीच्या पासाला दहा महिन्यांत ११,००० रुपये लागतात. जेवण घरचे आहे. एकूण खर्च २०,००० रुपये झाला. दुसऱ्याची फी १६,००० रुपये आहे, वसतिगृह व मेस मिळून महिना ४,५०० रुपये, म्हणजे दहा महिन्यांचे ४५,००० रुपये, एकूण ६१,०००. हे आकडे केवळ पद्धत दाखवण्यासाठी घेतले आहेत. वरवर पाहता पहिले महाविद्यालय ४१,००० रुपयांनी स्वस्त दिसते. परंतु रोज अडीच तास प्रवासात जात असतील, तर दोनशे दिवसांत पाचशे तास जातात. ताशी ६० रुपयांचे काम मिळू शकत असेल तर त्या तासांचे मोल ३०,००० रुपये होते आणि फरक ११,००० वर येतो. वसतिगृहात राहणाऱ्याला निर्वाह भत्ता मिळत असेल तर पारडे पूर्ण उलटे झुकते. उलट, त्या शहरात कामच मिळणार नसेल तर वाचलेल्या तासांचे पैसे होत नाहीत. म्हणून तासांचे मोल धरण्याआधी काम कोठे मिळेल हे पाहून यावे.

प्रवासाच्या सवलती या हिशेबात धराव्यात. एसटीचा विद्यार्थी मासिक पास ६६.६७ टक्के सवलतीत मिळतो. महिलांना मार्च २०२३ पासून एसटीच्या तिकिटात ५० टक्के सवलत आहे. रोज जाणाऱ्या विद्यार्थिनीला विद्यार्थी पासच अधिक किफायतशीर पडतो, तर आठवड्यातून एकदा घरी जाणारीला अर्धे तिकीट सोयीचे ठरते. पुणे-मिरज लोहमार्गालगतच्या गावांतील विद्यार्थ्यांनी, उदाहरणार्थ किर्लोस्करवाडीच्या परिसरातून सांगली-मिरजेला जाणाऱ्यांनी, रेल्वेच्या सवलतीच्या मासिक पासाची चौकशी करावी. साताऱ्याचे स्थानक मात्र शहराबाहेर माहुलीला असल्याने तेथून महाविद्यालयापर्यंतचा खर्च वेगळा धरावा लागतो.

विषयाचे स्वतःचे खर्चही असतात: ॲप्रन, जर्नल, काचपट्ट्या, वनस्पतिसंग्रहाचे साहित्य, अभ्याससहल आणि शेवटच्या वर्षाचा प्रकल्प. यांतील ॲप्रन आणि संदर्भपुस्तके वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांकडून मिळतात. विच्छेदनपेटी शिक्षकांनी सांगेपर्यंत घेऊ नये. प्राण्यांच्या विच्छेदनावर विद्यापीठ अनुदान आयोगाने निर्बंध आणल्यापासून तिचा उपयोग खूप कमी झाला आहे. अभ्याससहल लांबच्या राज्यात जाणार असेल आणि तो खर्च झेपत नसेल, तर कास पठार, सागरेश्वर, कोयना किंवा मायणी येथील स्थानिक अभ्यासभेट चालेल का, असे विचारावे. पश्चिम घाटातील कास २०१२ पासून जागतिक वारसा यादीत आहे; ज्या विषयासाठी देशभरातून अभ्यासक येतात तो आपल्या दारात असताना अभ्याससहलीसाठी कर्ज काढण्याचे कारण नाही.

शिष्यवृत्ती: प्रवेशापूर्वी पाहावी, प्रवेशानंतर भरावी

राज्याच्या बहुतेक योजना महाडीबीटी संकेतस्थळावर आहेत. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, विमुक्त जाती व भटक्या जमाती, इतर मागास वर्ग आणि विशेष मागास प्रवर्ग यांच्यासाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, तर खुल्या प्रवर्गातील ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. येथे एक काळजी अवश्य घ्यावी: आपले महाविद्यालय आणि नेमका अभ्यासक्रम संबंधित योजनेच्या यादीत दिसतो का, हे फी भरण्याआधी संकेतस्थळावर पाहावे. विनाअनुदानित पारंपरिक अभ्यासक्रमांच्या बाबतीत येथेच फसगत होते.

शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. अनुसूचित जमातीसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम् आणि इतर मागास, विमुक्त व भटक्या वर्गांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. या योजनांत निवास व भोजनाची रक्कम थेट खात्यात येते. विद्यार्थी त्या शहराचा रहिवासी नसावा, ही अट निवड करतानाच लक्षात ठेवावी.

केंद्राच्या दोन योजना जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याने विशेष करून पाहाव्यात. पहिली महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठीची केंद्रीय क्षेत्र शिष्यवृत्ती. बारावीत मंडळाच्या ८० पर्सेंटाइलच्या वर असलेल्या आणि कौटुंबिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असलेल्या विद्यार्थ्यांमधून तिच्यासाठी निवड होते आणि पदवीला वर्षाला १२,००० रुपये मिळतात. मात्र ती घेतल्यास दुसरी शिष्यवृत्ती घेता येत नाही, म्हणून कोणती मोठी आहे ते आधी मोजावे. दुसरी 'इन्स्पायर'. बारावीत मंडळाच्या अव्वल १ टक्क्यात आलेल्या आणि मूलभूत विज्ञान शिकणाऱ्या विद्यार्थ्याला तीत वर्षाला ६०,००० रुपये आणि उन्हाळी संशोधन प्रकल्पासाठी २०,००० रुपये अशी तरतूद आहे. तिच्या विषयांच्या यादीत वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र आणि जैवरसायनशास्त्र आहेत, जैवतंत्रज्ञान नाही. गुण चांगले असताना केवळ विषयाच्या नावामुळे एवढी रक्कम गमावणे परवडणारे नाही.

शिष्यवृत्तीची रक्कम उशिरा येते, हे गृहीत धरूनच चालावे. पहिल्या सहा महिन्यांचा खर्च तिच्याशिवाय भागेल अशी तजवीज हवी. फी हप्त्याने भरू द्यावी असा लेखी अर्ज प्राचार्यांकडे प्रवेशाच्या वेळीच द्यावा.

कामाची निवड शेतीच्या आणि परीक्षेच्या हंगामावर

सर्वांत आधी महाविद्यालयातील 'कमवा व शिका' योजनेचा अर्ज करावा. ग्रंथालय, बाग, कार्यालय किंवा प्रयोगशाळेत ताशी मोबदल्यावर काम मिळते; रक्कम मोठी नसते, पण तासिकांशी आड येत नाही आणि प्रयोगशाळेत काम मिळाले तर सूक्ष्मजीव वाढवण्याचे माध्यम तयार करणे, उपकरणे निर्जंतुक करणे ही कामे हाताखालून जातात. पुढे शिवाजी विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षण घ्यायचे असल्यास तेथेही ही योजना आहे.

बाहेरचे काम शोधताना आपल्या विषयाजवळचे पाहावे. मिरज हे दवाखान्यांचे शहर असल्याने तेथे पॅथॉलॉजी प्रयोगशाळेत नोंदणी व नमुने पोचवण्याची आणि औषध दुकानात मदतनीसाची कामे असतात. इतरत्र दूध संकलन केंद्रावर फॅट काढणे, ऊती संवर्धन प्रयोगशाळा, रोपवाटिका, माती परीक्षण केंद्र अशी ठिकाणे आहेत. तासगाव पट्ट्यातील द्राक्षबागांत मजुरी चांगली मिळते, परंतु फळछाटणीची धांदल सप्टेंबर-ऑक्टोबरात असते आणि हिवाळी सत्राच्या परीक्षा त्यालाच लागून येतात. एप्रिलमधील खरडछाटणीचेही उन्हाळी परीक्षेशी असेच भांडण होते. साखर कारखान्याचा हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडाशी संपतो, त्यामुळे रात्रपाळी स्वीकारण्याआधी परीक्षेचे वेळापत्रक पाहावे. आठवड्याला वीस तासांहून अधिक काम घेतले की जर्नल आणि झोप दोन्ही मागे पडतात, असे माझे निरीक्षण आहे.

आजारपण किंवा घरची अडचण यांमुळे शिक्षण मध्येच थांबवावे लागले, तर नव्या धोरणात मिळवलेली श्रेयांके (क्रेडिट्स) अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा राहतात. म्हणून पहिल्याच सत्रात आपले खाते उघडलेले आहे आणि श्रेयांके जमा होत आहेत याची खात्री करावी.

कागदपत्रे

बारावीचा निकाल लागण्याआधी, एप्रिल-मे महिन्यांतच आपले सरकार सेवा केंद्रात उत्पन्नाच्या दाखल्यासाठी अर्ज करावा. जून-जुलैत तेथे गर्दी होते. तुम्ही स्वतः कमावत असलात तरी दाखला कुटुंबाच्या उत्पन्नाचा लागतो, हे ध्यानात घ्यावे. जातीचा दाखला, लागू असल्यास नॉन क्रिमिलेअर आणि जात वैधता प्रमाणपत्र, अधिवास दाखला, शिधापत्रिका, दहावी-बारावीची गुणपत्रके, शाळा सोडल्याचा दाखला आणि मध्ये वर्ष गेले असल्यास त्याचे प्रतिज्ञापत्र एवढे एका फाईलमध्ये ठेवावे, प्रत्येकाच्या दोन-तीन छायाप्रती काढाव्यात आणि मोबाईलमध्ये स्वच्छ स्कॅन ठेवावेत. बँक खाते स्वतःच्या नावाचे आणि आधारशी जोडलेले असावे. केवळ आधार क्रमांक बँकेत दिलेला असणे पुरेसे नाही, शासनाची थेट रक्कम त्याच खात्यात येण्यासाठीची जोडणी झाली आहे का, हे शाखेत विचारून घ्यावे. प्रवेशानंतर शिष्यवृत्तीचा अर्ज भरला की त्याची प्रत महाविद्यालयाच्या शिष्यवृत्ती विभागात द्यावी आणि अर्ज महाविद्यालयाच्या पातळीवरून पुढे गेला का, हे दर पंधरा दिवसांनी संकेतस्थळावर पाहत राहावे. त्रुटीसाठी परत आलेला अर्ज मुदतीत दुरुस्त केला नाही तर त्या वर्षाची रक्कम हातची जाते, आणि दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाचा अर्ज पुन्हा स्वतःलाच भरावा लागतो.